शुक्रवारी पंखा बंद

मे महिन्यातल्या भोपाळमध्ये संध्याकाळी सहा वाजता चालू पंखा बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दर शुक्रवारी आम्ही त्यांच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये सतरंजीवर बसलो, की ते उठायचे, बटण बंद करायचे आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत मान वर करून बघत राहायचे. मग समाधानाने म्हणायचे, "गालिलात पंखा नव्हता."

"काका, गालिलात वारा तरी होता," मी एकदा म्हटलं. "तळ्याकाठचा."

"मग तिकडे चल ना लवकर. इथे बसून घाम कशाला पुसतेस?"

हे नुसतं उत्तर नव्हतं, हीच त्यांची प्रार्थनेची पद्धत होती. तिकडे चला, येशूच्या गालिलात. रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये जायचो, गाणी म्हणायचो, उपदेश ऐकायचो, आणि दुपारी जेवून झोपायचो. शुक्रवार वेगळा होता. काका शुभवर्तमानातला एखादा छोटा उतारा दोनदा वाचायचे, सावकाश, शब्दांमध्ये जागा ठेवून. मग आम्ही डोळे मिटायचो आणि ते आम्हाला त्या गोष्टीच्या आत घेऊन जायचे. तेही नुसते प्रश्न विचारून. ऊन कोणत्या बाजूने येतंय? पायाखाली काय आहे, वाळू की दगड? वास कसला येतोय? तुझ्या शेजारी कोण उभं आहे? येशू किती लांब आहे? तो तुझ्याकडे बघतोय का?

हा शेवटचा प्रश्न विचारला की ते गप्प व्हायचे. बाहेर सायकली जायच्या, कुणाकडे तरी फोडणी पडायची, पण खोलीत शांतता. शेवटी ते म्हणायचे, "आता हळूहळू परत या." आम्ही परत आलो की एकेकाने सांगायचं, काय दिसलं. फक्त काय दिसलं. अर्थ सांगायला बंदी होती.

"अर्थ रविवारी," ते म्हणायचे. "पाळकसाहेबांना त्याचंच काम आहे. त्यांच्या पोटावर पाय देऊ नका."

तरीही कोणी अर्थाकडे घसरलं, तर काकांनी सोय केलेली होती. एका लाकडी ठोकळ्यावर त्यांनी सायकलची घंटी स्क्रूने बसवली होती. 'यावरून आपल्याला असा बोध होतो की' इथपर्यंत वाक्य गेलं, की ट्रिंग ट्रिंग. सगळ्यांत जास्त घंटी वाजायची शिरसाठसाहेबांसाठी. ते अकाउंट्समधून निवृत्त झालेले, मूळ जालन्याचे, आणि उपदेश करण्याची संधी न मिळालेले उपदेशक. ते रागवायचे. "मी अजून मुद्द्यावर आलोच नाही!" काका म्हणायचे, "येत होता, म्हणूनच वाजवली."

आमची टाउनशिप ज्या कारखान्याची, त्याच्या टेलिफोन एक्सचेंजवर काका होते. ज्या काळात कारखान्यात एका विभागातून दुसऱ्या विभागात बोलायचं तरी मध्ये माणूस लागायचा, त्या काळापासून. त्यांचा चेहरा कारखान्यात फार थोड्यांना माहीत होता, आवाज मात्र सगळ्यांना. खोल, स्थिर, घाई नसलेला आवाज. त्यांनी "एक मिनिट थांबा" म्हटलं की मोठेमोठे साहेबसुद्धा रिसीव्हर कानाला लावून मुकाट थांबायचे. एकदा मी त्यांच्यासोबत पिपलानी मार्केटमध्ये होते. त्यांनी दुकानदाराकडे पाव किलो चहा मागितला आणि रांगेत मागे उभा असलेला एक गृहस्थ एकदम ताठ झाला. "एक्सचेंज?" तो म्हणाला. "अरे साहब, आप ऐसे दिखते हैं!"

काका म्हणाले, "निराश मत होइए. मैं भी रोज़ सुबह शीशे में यही बोलता हूँ."

एक्सचेंजमुळे त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, नंबर राहत. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते, म्हणून मी दोन-चार-सात. निवृत्तीनंतरही त्यांनी ते सोडलं नाही. प्रार्थनेच्या मध्येच आवाज यायचा, "दोन-चार-सात, कपाळावरच्या आठ्या काढ." यात देवाच्या सान्निध्याला कुठे धक्का बसतोय असं त्यांना वाटत नसे. काकूंना मात्र नंबर नव्हता. त्या म्हणायच्या, "मी कधीपासून आउट ऑफ ऑर्डर. तीस वर्षं हे लोकांचे फोन जोडत होते. घरी आले की माझ्यासाठी लाइन बिझी."

काकू शुक्रवारी खोलीत येत नसत. त्या चर्चला नियमाने जायच्या, पण शुक्रवारी त्यांची जागा स्वयंपाकघरात. "मला रोज दिसतंच आहे काय दिसायचं ते," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं खूळ काकांच्या डोक्यात कुठून आलं, ती हकिकत काकूंच्या तोंडून ऐकण्यासारखी होती. निवृत्तीच्या वर्षी दोघं पचमढीला फिरायला गेली. काकांनी कुणाकडून तरी पत्ता घेऊन एका मिशनच्या बंगल्यात खोली ठरवली होती. शांत जागा आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पोचले, सामान ठेवलं, काकूंनी विचारलं, चहा कुठे मिळेल, तर समोरच्या सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं. ते पाच दिवसांचं मौन शिबिर होतं.

"मी म्हटलं, चला परत," काकू सांगायच्या. "तर हे म्हणाले, खोली छान आहे. पाच दिवस! पचमढीला जाऊन मी एक धबधबा पाहिला नाही. सगळे डोळे मिटून बसलेले आणि एक म्हातारे फादर विचारतायत, ऊन कोणत्या बाजूने येतंय. अहो, खिडकी उघडा आणि बघा!"

काका मात्र तिथून ती पद्धत घेऊन आले. चर्चच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. हे आपल्यात नाही, हे त्यांच्यात, कॅथलिकांत आहे, वगैरे. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी 'आपल्यातले' आणि 'त्यांच्यातले' दोघांनाही घरी बोलावलं. म्हणून आमच्या सतरंजीवर मी आणि शिरसाठसाहेब होतो, तशी टाउनशिपच्या हॉस्पिटलमधली केरळी नर्स अन्नम्मा होती, आणि कारखान्यातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटर असलेले, छोटा नागपूरकडचे तिर्की होते. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन. प्रार्थना हिंदीत चालायची, भांडणं मराठीत.

मी तिथे गेले ती प्रार्थनेसाठी नव्हे. चर्चच्या सतरंज्या माझ्या ताब्यात असायच्या. कुणी नेल्या, कधी परत आल्या, हे मी बघायची. काकांनी नेलेली एक सतरंजी परत येईना, म्हणून मी मागायला गेले. दार उघडून ते म्हणाले, "आलीस? बस." आणि मी त्याच सतरंजीवर बसले.

त्या दिवशी पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट होती. घरात गर्दी, आत जायला वाट नाही, म्हणून त्याचे चार मित्र छप्पर उसवतात आणि त्याला खाटेसकट येशूच्या समोर खाली सोडतात. काकांनी प्रश्न विचारले, मी डोळे मिटून बसले, आणि मला ना येशू दिसला, ना तो आजारी माणूस. मला त्या घरची बाई दिसली. तिने कणीक मळून परातीत झाकून ठेवलेली, आणि वरून मातीची ढेकळं पडतायत. मला एवढं अवघडल्यासारखं झालं. सगळ्यांनी काय काय सुंदर सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला काही जमलं नाही. मी झाडू शोधत होते."

शिरसाठसाहेब हसले. काका नाही हसले. ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

"मिळाला?"

"काय?"

"झाडू. मिळाला का?"

"नाही."

"मग पुढच्या शुक्रवारी शोध."

आणि खरंच, पुढच्या शुक्रवारी त्यांनी तोच उतारा घेतला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. बाकीचे कुरकुरले. "अंकल, हम लोग कब तक छत पे बैठेंगे?" अन्नम्मा म्हणाली. काका म्हणाले, "इसका झाडू नहीं मिला अभी." तिसऱ्या खेपेला मला दाराच्या मागे झाडू मिळाला, मी तो उचलला, आणि वर बघितलं तर कोपऱ्यात उभं राहून कोणीतरी मला म्हणत होतं, राहू दे, नंतर आपण दोघं मिळून काढू. कोण ते मी सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "हं. चला, आता पुढचा अध्याय."

ती सतरंजी मी पुन्हा मागितली नाही.

त्यांच्याकडे गेलेला प्रत्येक जण असाच आपापल्या कामाच्या कपड्यांत आत जायचा. काना गावच्या लग्नाची गोष्ट आली, की तिर्की प्रत्येक वेळी पाणी भरत असायचे. येशूने त्या पाण्याचा द्राक्षारस केला का, तो कसा लागला, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "घड़ा पत्थर का था," ते खांदा दाबत सांगायचे, "बहुत भारी." बेथेस्दाच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षं पडून असलेला आजारी माणूस आला, की अन्नम्मा अस्वस्थ व्हायची. "इतने साल लेटा है, पीठ में घाव होगा ही होगा. किसी ने करवट दिलाया क्या?" एकदा तिने सांगितलं की येशू बोलायच्या आत तिने त्या माणसाला कुशीवर वळवला, आणि येशू तेवढा वेळ थांबला. शिरसाठसाहेबांनी तोंड उघडलं, घंटीकडे बघितलं आणि मिटलं.

काका प्रार्थनेबद्दल सिद्धान्त मांडत नसत. एखादं वाक्य टाकायचे. एकदा कुणीतरी मोठमोठ्याने, कळवळून प्रार्थना केली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "ओरडायची गरज नाही. पलीकडचा माणूस आधीच लाइनवर असतो. आपणच हॅलो हॅलो करत बसतो."

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आम्ही डोळे मिटायचो तेव्हा काका मिटत नसत. एकदा मी मध्येच डोळे किलकिले केले, तर ते खुर्चीत ताठ बसून एकेकाकडे बघत होते. कोण झोपलं, कोण रडवेलं झालं, कुणाचा पाय मुंग्या येऊन चाळवतोय. माझ्याकडे बघून त्यांनी बोटाने खूण केली, आत जा.

त्या दिवशी कप विसळताना मी काकूंना विचारलं, "काका स्वतः कधी करतात हो हे?"

"त्यांना काही दिसत नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. पचमढीला पाच दिवस बसले. सगळ्यांना काय काय दिसलं. ह्यांना फक्त ते फादर कसे बोलतात ते ऐकू आलं. तेच पाठ करून आले."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "मला ऐकू येतंय!"

"ऐकू येतंच तुम्हाला! दिसत नाही, एवढंच सांगतेय मी!"

मी बाहेर आले. मला वाटलं होतं, ते ओशाळलेले असतील. ते घंटीचा स्क्रू आवळत होते.

"एक्सचेंजवर पहिला नियम काय, माहीत आहे?" ते म्हणाले. "जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा. दोघांचं बोलणं ऐकत बसणारा ऑपरेटर नालायक. मी तुमची लाइन लावून देतो. मीच आत गेलो तर तुम्हाला परत कोण आणणार?"

"पण काका, तुमची स्वतःची लाइन?"

ते हसले. "ऑपरेटरला फोन कोण करतो, बाई?"

मीही हसले आणि घरी आले. पण ते वाक्य मला बरं वाटलं नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, थंडी. काकूंनी हळद-दूध दिलं, तिर्कींनी कुठलं तरी मूळ आणून दिलं, शिरसाठसाहेबांनी ज्येष्ठमध. आवाज आणखी खरखरीत झाला. अन्नम्मा एका शुक्रवारी प्रार्थना संपल्यावर उठलीच नाही. "अंकल, ये सर्दी नहीं है," ती म्हणाली. "सोमवार को मैं खुद लेके जाऊँगी. ना बोलेगा तो एम्बुलेंस भेजूँगी, पूरा मोहल्ला देखेगा."

तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठ साधी होती, तिची भीती नव्हती. पण ती काढावी लागणार होती आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत एक अक्षर बोलायचं नव्हतं. कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि आवाज परत कसा येईल, पहिल्यासारखा येईल की नाही, हे सांगता येत नव्हतं.

काकांनी डॉक्टरांना विचारलं, "और शुक्रवार का क्या?"

"कौन-सा शुक्रवार?" डॉक्टर म्हणाले. "सारे दिन बंद."

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. मी टी. टी. नगरला जाऊन एक दगडी पाटी, खडूंचा डबा आणि पुसायला स्पंज आणला. हे काकूंना फार महागात पडलं. काका एरवी जेवढं बोलायचे त्याच्या दुप्पट ते पाटीवर लिहायला लागले, आणि वाचायला काकू चष्मा शोधेपर्यंत पाटीवर खडू आपटायचे. चहात साखर कमी, खिडकी लाव, पेपर कुठे आहे. आम्ही पहिल्या शुक्रवारी गेलो, तेव्हा मात्र पाटीवर दोनच शब्द होते. 'गट बंद.'

आम्ही बसलो. त्यांनी पुसून लिहिलं, 'घरी जा.'

"कुणी घरी जायचं नाही!" काकू आतून म्हणाल्या. "ही मंडळी गेली तर मीही माहेरी जाईन. बसू तरी द्या माणसांना."

त्या दिवशी शिरसाठसाहेबांनी सूत्रं हाती घेतली. ते कित्येक वर्षं याचीच वाट बघत होते. बापाचा पैसा उडवून घरी परत येणाऱ्या उधळ्या पुत्राची गोष्ट. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितलं आणि आजकालच्या मुलांवर बोलायला सुरुवात केली. त्यांचा स्वतःचा मुलगा इंदूरला होता आणि वेळेवर येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायला डॉक्टरांची मनाई होती, घंटीला नव्हती. काकांनी ती इतकी वाजवली की शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी पोस्टमन समजून बाहेर आलं.

पुढच्या शुक्रवारी अन्नम्मा. ती मन लावून तयारी करून आली होती, पण सवय वॉर्डची. "आँख बंद. लंबी साँस. समुद्र दिखा? नाव दिखा? तूफ़ान आया. डरना नहीं. तूफ़ान शांत. हो गया, आँख खोलो." आम्ही अजून नावेत पाय ठेवत होतो.

काकांनी पाटीवर लिहिलं, 'इंजेक्शन.' सगळ्यांत जास्त अन्नम्माच हसली. काकाही हसले, पण आवाज न करता, आणि ते बघून आमचं हसू लवकर थांबलं.

जाताना काकूंनी मला दारात थांबवलं. एरवी त्यांचा आवाज तीन क्वार्टर पलीकडे जायचा. आता त्या हळू बोलल्या. "रात्रभर कूस बदलतात. घशाचं त्यांना काही नाही गं. पाटीवर काय लिहिलं सकाळी, माहीत आहे? 'आवाज परत आला नाही, तर मी त्या खोलीत कशाला बसायचं? बाकीचे सगळे तिकडे जाऊन आलेत. मी नुसता दारात उभा होतो.'" मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आणि हे लिहायला माझ्या नव्या टेबलक्लॉथवर पाटी ठेवली. सगळी भुकटी."

पुढच्या शुक्रवारी पाटीवर आधीच लिहून ठेवलेलं होतं. 'आज शेवटचं. दोन-चार-सात घेईल.' माझी पाळी आहे म्हणून, की मी सतरंज्या मोजून परत नेईन म्हणून, कुणास ठाऊक.

मी तयारी करूनच गेले होते. मला उपदेश येत नाही आणि कल्पनाशक्तीही बेताची. मी आठवडाभर एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यात कोणकोणत्या वस्तू आहेत त्या लिहून काढल्या. येशू मरून पुन्हा उठला, त्यानंतरची गोष्ट. शिष्य रात्रभर तळ्यात जाळं टाकून बसलेत, हाती काही नाही. पहाटे काठावर कोणीतरी उभा दिसतो. तो सांगतो तिकडे जाळं टाकल्यावर मासे लागतात, तसा तो येशू आहे हे ओळखून पीटर पाण्यात उडी टाकतो. आणि ते काठाला येऊन बघतात, तर त्याने आधीच कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासा ठेवलाय, भाकरी आहे, आणि तो म्हणतो, या, खाऊन घ्या. मला हा उतारा आवडला कारण त्यात काम होतं आणि कामानंतर खाणं होतं.

काका सवयीने खुर्चीत बसले. मी म्हटलं, "काका, आज डोळे मिटायचे."

त्यांनी मान हलवली. आमच्या सगळ्यांकडे हात फिरवला आणि पाटी उचलली. 'यांच्याकडे कोण बघणार?'

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. इतक्या वर्षांत शुक्रवारी त्या खोलीत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. त्यांनी काकांच्या हातातली पाटी काढून घेतली.

"उठा. खाली बसा. मी बघते सगळ्यांकडे."

काकांनी हवेत बोटाने काहीतरी लिहायला सुरुवात केली.

"कळतंय मला कोण झोपलंय आणि कोण नाही! दोन मुलं वाढवलीत मी. बसा."

काका खाली बसले. काकू खुर्चीत बसल्या आणि ताठ होऊन सगळ्यांवर नजर फिरवायला लागल्या. काकांनी एक डोळा मिटला. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दुसराही मिटला.

मी उतारा दोनदा वाचला आणि प्रश्न विचारायला लागले. मला काकांसारखं बोलता येत नव्हतं, म्हणून मी माझ्यासारखं विचारलं. ओलं जाळं कुठे वाळत घातलंय? नावेत काय काय आहे? हात धुवायला पाणी कुठे आहे? कोळसे लाल झालेत का? भाकरी कशावर ठेवलीय? मासा उलटायला काय घेतलंय? किती जण बसलेत, आणि तुमच्यासाठी जागा कुठे ठेवलीय? आता तो वाढतोय. तुमच्यापर्यंत आलाय. हात पुढे करा.

आणि मी थांबले. कारण माझा हात खरंच पुढे झाला होता.

सगळं लिहून आणलेल्या माझ्याकडून एकच गोष्ट लिहायची राहिली होती. त्यांना परत आणायचं. ते मला सुचलंच नाही. मीच तिथे बसून होते. बाकीचे मी बोलवायची वाट बघत होते किंवा बघत नव्हते. काकू नव्या राखणदार. हे कधी संपतं, ते त्यांना माहीत नव्हतं. सगळे जागे आहेत, एवढं बघून त्या समाधानात होत्या. बाहेर काळोख पडायला लागला. तरी कोणी हललं नाही. शेवटी करपल्याचा वास आला आणि काकू खुर्चीतून उठल्या.

"मंडळी, येता का परत? दूध उतू गेलं!"

आम्ही डोळे उघडले. काकूंनी गॅस बंद केला आणि पातेलं तसंच टाकून पळत परत आल्या. आता त्यांना ऐकायचं होतं.

तिर्की म्हणाले, "मैं जाल खींच रहा था. आज भारी लगा, पर अच्छा लगा."

अन्नम्मा म्हणाली, "पीटर पूरा गीला था. मैंने बोला, पहले कपड़ा बदलो, निमोनिया होगा."

शिरसाठसाहेबांनी घसा साफ केला. आम्ही घंटीकडे बघितलं. ते म्हणाले, "मला काही दिसलं नाही. पण माझा मुलगा शेजारी बसला होता." आणि थांबले. पुढे त्यांनी काही जोडलं नाही.

काकांचे डोळे अजून मिटलेले होते.

"अहो," काकू म्हणाल्या.

मग त्या थोड्या वाकल्या.

"अहो, झोपलात का?"

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. नाही. तेव्हा आमच्या लक्षात आलं, त्यांचा जबडा हलत होता. सावकाश, चवीने, एखादा माणूस काटा जपून खातो तसा. अन्नम्माने तोंडावर ओढणी दाबली. तिर्कींनी खाली बघितलं. आम्ही थांबलो. दुसरं काय करणार? जेवत्या माणसाला उठवू नये.

मग त्यांनी डोळे उघडले आणि आमच्याकडे चक्क रागाने बघितलं. हात पुढे करून पाटी मागितली. लिहिलं, 'अजून खात होतो.'

काकू चष्म्याशिवाय वाचू शकल्या, इतक्या मोठ्या अक्षरांत. "काय खात होता?"

'मासा.'

"कुणी दिला?"

त्यांनी खडू टेकवला. लिहिलं मात्र नाही. ते काकूंकडे बघत राहिले आणि काकू त्यांच्याकडे. मग काकू एकदम उठल्या, दुधाचं पातेलं घासायला गेल्या, आणि एका पातेल्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ ते घासत राहिल्या.

मी सतरंज्या उचलल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी या, असं कुणी सांगितलं नाही. आम्ही आलो. त्याच्या पुढच्याही आलो. मी प्रश्न विचारायची, काकू राखण करायच्या आणि काका खाली बसून आमच्यात डोळे मिटायचे. परत आणायचं मी आता विसरत नव्हते, पण त्यांना दोनदा बोलवावं लागायचं.

शेवटी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, तो नेमका शुक्रवारचा दिवस होता. बातमी अन्नम्माने हॉस्पिटलमधूनच सगळ्यांना पोचवली. आम्ही वेळेच्या आधीच जमलो. शिरसाठसाहेब बरखेड्याहून गरम जिलेबी घेऊन आले, तिर्कींनी नवा शर्ट घातला होता. काकूंनी काकांची खुर्ची पुसून मधोमध ठेवली. काका अजून कुणाशीच एक शब्दही बोलले नव्हते. घरीही नाही. पहिला शब्द इथे, असं त्यांनी पाटीवर लिहून ठेवलं होतं.

ते आतल्या खोलीतून आले. खुर्चीजवळ थांबले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तिला वळसा घालून सतरंजीवर, तिर्की आणि अन्नम्माच्या मध्ये बसले. गुडघे वाजले. काकूंनी क्षणभर बघितलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

काकांनी तोंड उघडलं. आवाज आला तो बारीक, वाऱ्यावर फडफडणाऱ्या कागदासारखा. तो ऐकून रांगेतलं कुणी ताठ झालं नसतं. अन्नम्माने डोळे पुसले, शिरसाठसाहेब जिलेबीच्या पुड्याकडे बघायला लागले. काकांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मांडी नीट घातली, डोळे मिटून घेतले आणि माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले,

"चल, सुरू कर लवकर. भूक लागलीय."